पायलीत किती किलो?

पायली हे वजन नाही, आकारमान आहे. मावळातल्या जुन्या घरांत फळीवर पालथी घातलेली लाकडी किंवा पत्र्याची पायली आजही सापडते. तिच्यात किती किलो बसतात, हा प्रश्न तिच्याबद्दल हटकून विचारला जातो, पण त्याला एकच एक उत्तर नाही. पायलीत भात भरला की तांदूळ, माप सपाट भरले की शिगेचे, आणि ती पायली कोणत्या गावची, हे कळल्याशिवाय तो आकडा सांगता येत नाही. भात आणि तांदूळ हा भेदही इथे जपायला हवा. मावळात भात म्हणजे तुसासकट धान्य, तांदूळ म्हणजे गिरणीतून आलेला दाणा, आणि ताटात वाढतात तोही भातच. शहरातल्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

धान्य मापण्याची जुनी पद्धत सगळी दुपटीची होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी म्हणजेच अधोली, आणि दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीचे चार शेर आणि शेराची चार चिपटी. या उतरंडीची सोय अशी की हाताशी एक माप असले आणि अर्धे करता आले की बाकीची मापे आपोआप मिळतात. तराजू लागत नाही, वजने लागत नाहीत. शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, ते याच व्यवहारासाठी.

पायलीच्या वर मात्र एकमत संपते. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी मात्र बहुतेक ठिकाणी सारखी. त्यातच शेर आणि मण ही नावे वजनातही होती. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि अशा चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७.३ किलो. मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. मापाचा मण चाळीस शेरांचा नव्हताच. बारा पायल्यांचा मण अठ्ठेचाळीस शेरांचा, सोळा पायल्यांचा चौसष्ट शेरांचा. त्यामुळे जुन्या कागदात नुसते ‘मण’ वाचून किलोचा आकडा काढणारा फसतो. कागद लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच मराठी दप्तरांत ‘कैली’ आणि ‘वजनी’ असे दोन शब्द येतात. कैली म्हणजे मापाने मोजलेले, वजनी म्हणजे तोललेले. धान्य बहुधा कैली असे, तर तूप, गूळ, हळद असा किराणा वजनी.

मापावर विसंबलेल्या या जगाने भाषेत बरेच काही मागे ठेवले आहे. शेराला सव्वाशेर भेटतो, स्वस्त आणि मुबलक गोष्ट पायलीला पंधरा मिळते, आणि नवी नवरी उंबरठ्यावरचे तांदळाने भरलेले माप पायाने लवंडून घरात येते. खळ्यावर मापायला बसलेला मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, आणि पुढे दोन, तीन मोजत जातो. बलुतेदारांचे बलुते आणि कुळाचा खंडही धान्यातच मोजला जाई. गावाच्या आत हा हिशेब चोख चाले, कारण देणारा आणि घेणारा दोघेही तीच पायली ओळखत. घोळ सुरू होई तो धान्य गावाबाहेर पडल्यावर, आणि माप भरण्याच्या रीतीवरून.

मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो त्याला शीग म्हणतात. काठावरून काठी फिरवून ती पाडली की माप सपाट होते. शीग म्हणजे चार दाणे इकडे-तिकडे, असे वाटते. आकडा मात्र वेगळे सांगतो. वीस सेंटिमीटर तोंडाच्या आणि साडेचार लिटर धारणेच्या मापावर भाताची शीग सुमारे सात सेंटिमीटर उंच उभी राहते. तिचे आकारमान पाऊण लिटरच्या आसपास भरते, म्हणजे मापाच्या सहाव्या हिश्श्याइतके. तेवढ्याच धारणेचे माप उंच आणि अरुंद तोंडाचे केले तर शीग निम्म्याहून कमी होते. घेताना शिगेने आणि देताना सपाट, एवढ्या एका रीतीवर सावकाराचे सहामाही व्याज निघून जात असणार. भरताना माप हलवले, ठोकले, तर दाणे आणखी दाटतात आणि त्याच मापात दहा टक्क्यांच्या आसपास धान्य जास्त मावते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर घेण्याचे आणि देण्याचे द्रोण, म्हणजे मापे, उघडउघड वेगळे सांगितले आहेत. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, बाजारातल्या व्यवहाराचा १८७॥, चाकरांना वाटपाचा १७५ आणि अंतःपुराचा १६२॥ पलांचा. लबाडीच करायची तर ती कोष्टकात लिहून ठेवावी, असा हा प्रामाणिकपणा.

माप आणि वजन यांच्यातला दुवा म्हणजे धान्याची स्थूल घनता, म्हणजेच एक लिटर मापात सुटे धान्य किती किलो बसते तो आकडा. तांदळाचा दाणा स्वतः पाण्याहून जड असतो. एक घन सेंटिमीटर भरीव तांदूळ १.४ ग्रॅमच्या पुढे भरतो. पण मापात दाण्यांच्या मधे हवा असते, आणि ती पाच भागांत दोन भागांहून अधिक जागा अडवते. म्हणून लिटरभर तांदळाचे वजन ८०० ते ८५० ग्रॅमच भरते. भाताला वर तूस असते, तुसाच्या आत पोकळी असते आणि खरखरीत दाणे एकमेकांवर नीट बसत नाहीत. त्यामुळे लिटरभर भात ५५० ते ६०० ग्रॅमच भरतो. अमेरिकेत भाताचा बुशेल ४५ पौंडांचा धरतात, तोही हिशेब लिटरला ५८० ग्रॅमच्या आसपास येतो. आखूड, गोलसर दाणा मापात जास्त दाटतो आणि लांब, बारीक दाणा कमी. त्यामुळे आंबेमोहराच्या आणि बासमतीच्या एकाच मापात थोडा फरक पडतो.

दाण्याची स्वतःची घनता पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या दुसऱ्या कामाला येते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतले की पोचट आणि हलके दाणे तरंगतात, भरलेले तळाला जातात. तरंगलेले काढून टाकायचे, बुडालेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. मीठ घातल्याने पाणी किंचित जड होते आणि साध्या पाण्यात जेमतेम बुडणारा अर्धपोसलेला दाणाही वर येतो, एवढीच त्यातली युक्ती.

आता घरातल्या पायलीचा प्रश्न सोडवता येतो. पायलीत लिटरच्या मापाने पाणी ओतून तिची धारणा काढायची. पायली गळकी असेल, आणि जुन्या लाकडी पायल्या गळक्या असतातच, तर पाण्याऐवजी बारीक मोहरी वापरावी आणि ती लिटरच्या मापाने मोजावी. समजा धारणा साडेचार लिटर निघाली. मग सपाट पायलीत तांदूळ सुमारे ३.७ किलो, भात सुमारे २.६ किलो, आणि चुरमुरे जेमतेम अर्धा किलो. एकाच भांड्याला तीन वजने, आणि तिन्ही बरोबर. एखाद्या गावात पायलीला चार किलो सांगतात आणि दुसऱ्या भागात सात किलो, याचे कारणही दडलेले नाही. भांडी निराळी, धान्य निराळे, आणि मापायची रीत निराळी.

मावळ तालुक्यात हा हिशेब मुख्यतः भाताचाच. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत खाचरे आहेत. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि पूर्वेला तळेगावकडे तो झपाट्याने उतरत जातो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा वाण प्रसारित झाला. आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो निघाला. आंबेमोहराचा वास आणि आय. आर. ८ चे उत्पन्न एकाच ताटात आणण्याचा तो प्रयत्न होता. आज लोणावळा-कामशेतच्या रस्त्यावर गाडी थांबवून पर्यटक पाच-दहा किलोच्या पिशव्या घेतात तो बहुतेक हाच तांदूळ. पिशवीवर किलो छापलेले असतात. पण खळ्यापासून पिशवीपर्यंत त्याच धान्याचे माप आणि वजन तीन-चार वेळा बदलून गेलेले असते.

पहिले मोजमाप खळ्यावर, राशीचे. झोडणी झाली, वारा देऊन पोचट उडवले की भाताची रास पडते. ती पोत्यात भरण्याआधीच किती असेल याचा अंदाज बांधण्याची एक रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. लीलावतीतल्या राशिव्यवहारात म्हटले आहे की राशीची उंची वेगळी मोजायची गरज नाही. जाड दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक दाण्याची अकराव्या हिश्श्याइतकी, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी असते. मग घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे, आले आकारमान.

हा नियम आजच्या राशीला लावून पाहता येतो. दोरीने घेर मोजला, तो ६.३ मीटर भरला. भात कुसळाच्या वर्गातले धान्य, म्हणून उंची नवव्या भागाने ०.७ मीटर. घेराचा सहावा भाग १.०५, त्याचा वर्ग १.१, त्याला ०.७ ने गुणले की ०.७७ घनमीटर. आजच्या शंकूच्या सूत्राने हेच आकारमान ०.७४ येते. फरक चार-पाच टक्क्यांचा, आणि त्याचे कारण भास्कराचार्यांनी या हिशेबात वर्तुळाचा घेर व्यासाच्या तिप्पट धरला आहे. अधिक अचूक गुणोत्तर त्यांना ठाऊक होते, लीलावतीत ते दिलेलेही आहे. पण खळ्यावर दोरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तीनच बरे. नवव्या हिश्श्याची उंची म्हणजे राशीचा उतार पस्तीस अंशांच्या जवळ, आणि ओतलेला भात खरोखरच साधारण त्याच उताराला थांबतो. ०.७४ घनमीटर म्हणजे ७४० लिटर. लिटरला ५७० ग्रॅम धरले की रास सव्वाचार क्विंटलच्या आसपास.

कणगीचा अंदाज याहून सोपा. १.२ मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंच कणगी पूर्ण भरली तर १.७ घनमीटर, म्हणजे साडेनऊ क्विंटलच्या वर भात.

या वजनात पाणीही आहे, आणि ते फुकट विकले जात नाही तसे फुकट घेतलेही जात नाही. कापणीच्या वेळी दाण्यात वीस टक्के किंवा त्याहून अधिक ओल असू शकते. साठवणीला ती तेरा-चौदा टक्क्यांवर यायला हवी; सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत चालते. वीस टक्के ओलीचा शंभर किलो भात घेतला तर त्यात कोरडा भाग ऐंशी किलो. वाळून ओल चौदा टक्क्यांवर आली की तेच ऐंशी किलो नव्या वजनाच्या शहाऐंशी टक्के होतात, म्हणजे एकूण वजन उरते ९३ किलो. वीसमधून चौदा वजा करून सहा किलो घट धरणारा इथे एका किलोने चुकतो, आणि व्यापारी ही चूक सहसा शेतकऱ्याच्या बाजूने करत नाही. पायलीने मोजणाऱ्याला हा तोटा दिसत नाही, कारण वाळताना दाणा आकारमानाने फारच थोडा आकसतो. ओला भात मापाने विकावा की तोलाने, याबाबत घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे मत म्हणूनच कधी जुळत नाही.

सर्वांत मोठा बदल गिरणीत होतो. भाताच्या वजनातला पाचवा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, तूस म्हणून जातो. पॉलिश करताना आठ-दहा टक्के कोंडा निघतो. उरलेल्यात अख्खा तांदूळ आणि कणी. सरकारी भरडाईत शंभर किलो साध्या भातामागे ६७ किलो तांदूळ धरतात, उकड्याला ६८. गावातल्या गिरणीत भाताची ओल, गिरणीची अवस्था आणि पॉलिशची हौस यांप्रमाणे हा आकडा साठ-पासष्टवर येतो. हातसडीच्या तांदळावर कोंडा राहतो, म्हणून वजन अधिक मिळते.

मापात मात्र ही घट आणखी मोठी दिसते. शंभर किलो भात म्हणजे सुमारे १७५ लिटर. त्यातून निघालेला ६५ किलो तांदूळ लिटरला ८२० ग्रॅम धरून ७९ लिटर. वजन दोनतृतीयांशावर आले, आकारमान निम्म्याच्याही खाली. दोन पायल्या भाताचे पायलीभर तांदूळसुद्धा होत नाहीत, ते असे. हिशेब न कळणाऱ्या सुनेला सासूने चोर ठरवण्याइतका हा फरक ठसठशीत आहे.

पोत्यांचा गोंधळही त्याच आकड्यांतून सुटतो. पन्नास किलो तांदळाचे पोते साठ लिटरच्या आसपासचे असते. त्याच पोत्यात भात भरला तर पस्तीस किलोच्या आसपास मावतो. तेव्हा ‘दहा पोती झाली’ हे पीक सांगण्याचे माप पोते कोणते आणि आत काय हे विचारल्याशिवाय अपुरेच. ब्रह्मदेशात बास्केट हे माप धान्यानुसार वेगळ्या वजनाचे ठरवून टाकले आहे, भाताला ४६ पौंड आणि तांदळाला ७५. एका टोपलीला दोन वजने देण्याचा हा मार्ग प्रामाणिक आहे. आपल्याकडे पोत्याला तसे कोणी केले नाही.

उत्पन्नाच्या आकड्यांत आणखी एक रूपांतर लागते. कृषी विद्यापीठाचे पत्रक हेक्टरी क्विंटल सांगते, सातबारा हेक्टर-आर दाखवतो, आणि शेतकरी बोलतो गुंठ्यात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. त्यामुळे एक सोय आपोआप झाली आहे: हेक्टरी जितके क्विंटल, गुंठ्याला जवळजवळ तितकेच किलो. हेक्टरी चाळीस क्विंटल म्हणजे गुंठ्याला चाळीस किलो, एकरी सोळा क्विंटल. दहा गुंठ्यांच्या खाचरात चारशे किलो भात झाला, तर तो याच दराने पिकला.

कायद्याने हा सारा व्यवहार वजनावर आणला त्याला आता साठ वर्षे उलटली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे ठरली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-मण कायदेशीर व्यवहारातून गेले. सध्या २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम लागू आहे, १ एप्रिल २०११ पासून. दुकानातला तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. रेशनचा हिशेबही किलोतच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. पायली यातून पूर्ण गेली नाही. ती घरात, उसनवारीत आणि बियाण्याच्या देवघेवीत राहिली, कारण शेजारणीला मापटेभर तांदूळ देताना काटा कोणी काढत नाही.

स्वयंपाकघरात तर माप अजूनही वजनावर मात करून आहे. पाणी तांदळाच्या दुप्पट की अडीचपट, हा हिशेब आकारमानाचा आहे, आणि वाटी कोणतीही असली तरी तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने घेतले की चुकत नाही. म्हणून वाटीची धारणा ठरवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. वाट्या शंभर मिलिलिटरच्याही असतात आणि दोनशेच्याही. विजेच्या कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा पेला मात्र बहुधा १८० मिलिलिटरचा असतो. ते जपानचे ‘गो’ हे जुने माप आहे, आणि त्यात सपाट भरून दीडशे ग्रॅम तांदूळ बसतो. परदेशी पाककृतीतला कप २४० मिलिलिटरचा, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या जवळ. तिन्हींना मराठीत एकच ‘वाटी’ म्हटले की खीर पातळ होते.

नवा इंद्रायणी चिकट असतो आणि त्याला पाणी बेताचे लागते. वर्षभर मुरलेला तांदूळ जास्त पाणी पितो आणि जास्त फुगतो. पाण्याचे माप तांदळाच्या वयावर ठरते, वजनावर नाही. शिजल्यावर तांदूळ वजनाने अडीच ते तीन पट होतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य धरले आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे १२० मिलिलिटर, कुकरच्या पेल्याचा दोनतृतीयांश. तो शिजून अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो, आणि त्यासाठी खळ्यावर दीडशे ग्रॅम वाळलेला भात, म्हणजे पाव लिटरच्या किंचित वरचे माप, लागलेले असते.